हऱ्या, तुझा आवाज गेला नव्हता

हऱ्या,

तुला जाऊन दीड महिना झाला. लोक सांगतात, गेलेल्या माणसाशी मनातल्या मनात बोलावं, बरं वाटतं. मी बोलून पाहिलं. काही बरं वाटत नाही. तू उलट उत्तर देत नाहीस, आणि उलट उत्तर न देणारा हऱ्या मला माहीतच नाही. म्हणून लिहायला बसलो. आणि पहिल्या झटक्यातच सांगून टाकतो, नाहीतर नेहमीसारखा विषय फिरवेन. तुझा आवाज कधीच गेला नव्हता. आपल्या शेवटच्या अल्बममध्ये, 'बंदीचे दिवस'मध्ये, जो पातळ, दमलेला, पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा आवाज ऐकू येतो, तो तुझ्या घशाचा दोष नाही. तो माझा उद्योग आहे.

तू सात वर्षं समजत राहिलास की चाळिशीच्या आतच आपला गळा संपला. मी सात वर्षं तुला तसं समजू दिलं. वर तुझ्याच ओटीवर बसून चहा पीत राहिलो.

आपण तिघं. तू गिटार आणि गळा, फिरोज बेस, मी ड्रम. बँडला 'निवटे' हे नाव तूच दिलंस. फिरोजला ते बिलकूल पसंत नव्हतं. "मिया, लोक काय काय झकास नावं ठेवतात, आणि आपण चिखलातली मच्छी?" तू त्याला शांतपणे म्हणालास, "आपन तेच हाव. पान्यात धड न्हाय, जमिनीवर धड न्हाय." पहिल्या दोन अल्बमना हे नाव फळलं. पुण्या-मुंबईच्या कॉलेजांत पोरं तुझ्या थळ गावच्या बोलीतली गाणी पाठ म्हणायची, अर्थ कळो न कळो. मग ती पोरं मोठी झाली, नोकऱ्यांना लागली, उड्या मारल्या की त्यांचे गुडघे दुखायला लागले, आणि आपण मात्र त्यांची वाट बघत स्टेजवर तसेच उभे.

तेव्हाचं एक भांडण शेवटपर्यंत मिटलं नाही. हळदीचं. मी म्हणायचो, आपल्याकडे हळदीला सगळं गाव नाचतं, आपण तिथे का वाजवायचं नाही? तू म्हणायचास, "नाचतील. ऐकनार न्हाईत." मी म्हणायचो, आपल्या शोला तरी कोण ऐकतंय, पुढच्या रांगेत तिघं, त्यातला एक फिरोजचा मेव्हणा. यावर तू तीन दिवस माझ्याशी बोलला नव्हतास. आज माझा मांडव आणि साउंडचा धंदा आहे, अलिबागपासून रेवदंड्यापर्यंत हळदीला माझेच स्पीकर वाजतात. तू एकदा रस्त्यात थांबून माझ्या टेम्पोकडे बघितलंस आणि नुसता हसलास. ते हसणं चांगलं की वाईट, हे मी विचारलं नाही. आपल्यात असं बरंच विचारायचं राहिलंय.

तिसरा अल्बम म्हणजे आपली शेवटची संधी, हे तिघांनाही ठाऊक होतं. फिरोजचा मस्कतचा व्हिसा आला होता. मुंबईच्या स्टुडिओत तुझा जीव रमत नव्हता. काचेपलीकडे कुणी बसलं की तू मान खाली घालून गायचास, शाळेत कविता म्हणायला उभा केलेल्या पोरासारखा. तेव्हा तुलाच सुचलं. पावसाळ्यात दोन महिने मासेमारी बंद, बोटी किनाऱ्यावर झावळ्यांखाली शाकारून ठेवलेल्या. मग बर्फ कुणाला हवा? तुझ्या काकांचा थळचा बर्फाचा कारखाना दोन महिने नुसता उभा असतो. ती मोठी शेडच आपला स्टुडिओ.

काय जागा होती ती. मिठाच्या पाण्याची लांबलचक टाकी, तिच्यावर लाकडी फळ्या, आणि त्या फळ्यांवर माझे ड्रम. पायाने ठोका दिला की खालून पाणी हुंकार द्यायचं. बर्फ ठेवायच्या खोलीत फिरोज, कारण तिथे थर्माकोलच्या भिंती, आवाज जागच्या जागी राहायचा. पत्र्यावर सर आली की थांबायचं, चहा प्यायचा, सर गेली की पुन्हा सुरू. दोन महिने म्हणजे खंडीभर वेळ, असं आपल्याला वाटत होतं. बंदी ऑगस्टच्या एक तारखेला उठते, म्हणजे जुलैच्या शेवटच्या दिवसापर्यंत शेड आपली. दहा गाणी करायची होती. आरामात सहा केली.

आणि मग एका सकाळी काका दोन माणसं, पाने आणि ग्रीसचा डबा घेऊन आत आले. महिना संपायला आठवडा बाकी होता. तू म्हणालास, काका, अजून आठ दिवस हायत की. काकांनी कमरेवर हात ठेवले. "आरं शान्यांनो, बोटी पयल्या तारखेला जानार. बरफ काय त्या दिवशी झाडाला लागनार? टाकी गार व्हायलाच तीन दिस लागतात."

तू बर्फवाल्यांच्या घरातला. फिरोजच्या मामाच्या रेवदंड्याला दोन बोटी. मी जन्मापासून याच किनाऱ्यावर. बाहेरगावचा माणूस असता तर त्याने विचारलं तरी असतं, की बाबांनो, बर्फ आधी करावा लागत असेल ना? आपल्याला सगळं माहीत होतं, म्हणून कुणी विचारलंच नाही. फिरोज तर हसून हसून फळीवर आडवा झाला.

मशीन सुरू झालं. घूं. कंप्रेसरचा एकच सूर, सकाळपासून संध्याकाळपर्यंत, भिंतीतून, फळ्यांतून, दातांतून. मी ड्रम आवरायला घेतले. तू मात्र टाकीवर मांडी घालून बसलास, डोळे मिटलेस आणि गिटारच्या खुंट्या पिळायला लागलास. मशीनच्या सुरात. मग म्हणालास, "संज्या, ऐक. काय धरून बसलाय बघ तो. तंबोरा तरी काय येगळं करतो?"

उरलेली चार गाणी तू त्या मशीनवर गायलास. आणि मग आधीची सहासुद्धा पुन्हा गायलास, कारण म्हणे ती आता पोरकी वाटतात. मी चिडलो होतो. पण मी तिथे होतो आणि मी ऐकलंय, हऱ्या. इतक्या वर्षांत तू तसा कधी गायला नव्हतास. स्टेजवर तू लोकांना पटवत असायचास. तिथे तू कुणालाच पटवत नव्हतास. माणूस आपल्या घरच्या ओटीवर टेकतो, तसा त्या घूंवर टेकून गात होतास. 'शाकारलेली बोट' संपलं आणि कुणी काही बोलायच्या आत तुझी तन्वी, दहा वर्षांची, दारातून ओरडली, "बाबा, आई बोलावते, भात थंड होतोय." तेही रेकॉर्ड झालं. तू म्हणालास, राहू दे ते.

सप्टेंबरात मांडव्याच्या प्रवासी बोटी पुन्हा सुरू झाल्या, तेव्हा मी हार्ड डिस्क पिशवीत घालून मुंबईला निघालो. तुझा काकांबरोबर सीझन सुरू झाला होता, फिरोज मस्कतला पोचला होता. तू मला जेटीवर सोडायला आलास. म्हणालास, "तू बघ सगळं. तुझे कान चांगले हायत. तुझे कान ते माझे कान." हे वाक्य मला आता झोपताना, उठताना, जेवताना ऐकू येतं.

अंधेरीतला स्टुडिओ, थंडगार, गालिचा घातलेला. तिथल्या पोरगेल्या इंजिनियरने अर्धं मिनिट ऐकलं, हेडफोन काढला आणि विचारलं, "मागे फ्रीज चालू आहे का?" मला लाज वाटली. खरं सांगतो, मेल्याहून मेल्यासारखं झालं. आपण बर्फाच्या कारखान्यात गाणी केली हे गावात ऐटीत सांगत होतो, आणि त्या गालिच्यावर उभं राहून मला ते गावठी वाटलं. तो म्हणाला, काढता येईल. मग थोडा वेळ खटपट करून म्हणाला, "पण एक प्रॉब्लेम आहे. गायक त्याच सुरात गातोय. मशीनचा सूर आणि त्याचे वरचे सगळे भाऊबंद काढले, तर आवाजातलं पोटही जाईल. आवाज थोडा पातळ होईल. चालेल?"

मी म्हटलं, चालेल.

तुला फोन करायला अर्धं मिनिट लागलं असतं. फोन माझ्या हातात होता. मी केला नाही, कारण तू नाही म्हणाला असतास. आणि अजून एक गोष्ट आहे, ती मी वैशाली वहिनींना सांगितली नाही, तन्वीलाही नाही, तुलाच पहिल्यांदा सांगतोय. त्या मशीनखाली माझे ड्रम दबत होते. मशीन काढल्यावर ते लख्ख ऐकू आले. मला ते फार आवडलं. परतीच्या बोटीत मी हेडफोन लावून माझे ड्रम ऐकत आलो.

पहिल्यांदा तू ते तुझ्या ओटीवर बसून ऐकलंस. पहिलं गाणं संपलं. म्हणालास, "ड्रम झकास." दुसरं संपलं. "मशीन काढलंस?" मी म्हटलं, काढावंच लागतं, मशीन ठेवून कुणी घेत नाही. हे खोटं होतं. तू मान हलवलीस. चौथ्याला गाणं मध्येच थांबवलंस आणि माझ्याकडे न बघता विचारलंस, "माझा आवाज असा झालाय?"

तिथे मी सांगायला हवं होतं. सगळं तिथेच निस्तरलं असतं. तू मला शिव्या घातल्या असत्यास, कदाचित एखादी कानाखाली, आणि आपण पुन्हा मिक्स केलं असतं. मी म्हणालो, "थोडा बसलाय. वय होतं माणसाचं."

तंत्रातलं तुला कळत नव्हतं आणि कळून घ्यायचंही नव्हतं. तुला वाटलं, मशीन काढलं म्हणजे नुसतं मशीन काढलं. त्याच्या आडोशाला तुझा गळा लपला होता, तो आता उघडा पडला. एवढा सरळ विचार केलास तू, कारण माझ्यावर संशय घ्यायचं तुझ्या डोक्यातच आलं नाही.

पुढचं तुला माहीत आहे. अल्बम आला आणि आपटला. कुणी लिहिलं, गायक शेजारच्या खोलीत उभा राहून गातोय असं वाटतं. कुणी लिहिलं, निवट्यांनी आता चिखलात परत जावं. तू ते मोठ्याने वाचून दाखवायचास, हसत. मी तुझ्याहून मोठ्याने हसायचो. पुण्याच्या शोला तू प्रत्येक वरच्या सुराआधी एक पाऊल मागे जात होतास. घाबरून गात होतास, आणि घाबरलेला गळा खरंच बसतो. मग मला बरंच वाटलं, बघ. म्हटलं, म्हणजे मी अगदीच खोटं बोललो नव्हतो. माणूस स्वतःला वाचवायला कुठल्या थराला जातो ते मी स्वतःवरूनच सांगू शकतो.

तो शो शेवटचा ठरला.

आणि पनवेलचा डॉक्टर. तू मला बरोबर नेलंस. त्याने तुझ्या घशात नळी घातली, स्क्रीनवर दाखवलं, म्हणाला, "काही नाही हो. उत्तम घसा आहे तुमचा." बाहेर आल्यावर तू म्हणालास, "डाक्टर चांगला हाय, पन त्याला गान्यातलं कळत न्हाय." आपण दोघंही हसलो. येताना वडखळला थांबून वडापाव खाल्ला. तू मिरची माझ्या कागदावर टाकलीस, नेहमीसारखी. एका माणसाने नळी घालून तुला खरं सांगितलं होतं, आणि तू ते मानलं नाहीस, कारण मी आधीच दुसरं सांगून ठेवलं होतं. मी ती मिरची खाल्ली.

मग तू कारखान्यात बसायला लागलास. त्या मशीनशेजारी, खुर्ची टाकून, बर्फाच्या लाद्या मोजत. मी यायचो तेव्हा तू कधी गुणगुणतानाही दिसला नाहीस. एकदा विचारलं तर म्हणालास, "मशीन गातोय की. दोघांनी कशाला?"

माझे वडील गेले तेव्हाचं आठवतं? माझा भाऊ दुबईहून यायचा होता, थांबणं भाग होतं. मी कुणाला काही सांगायच्या आत तू टेम्पो घेऊन दारात. लाद्या स्वतः उतरवल्यास, भुसा झटकलास, वडिलांच्या दोन्ही बाजूंना नीट लावल्यास, चादर अशी खोचलीस की पाणी अंगाखाली जाऊ नये. भाऊ येईपर्यंत दर दोन तासांनी विरघळलेली लादी बदलत राहिलास. मला एका शब्दाने धीर दिला नाहीस, आणि मला त्या दिवशी तशा न बोलण्याचीच गरज होती. त्याच दिवशी तुला सगळं सांगून टाकावं असं मनात आलं होतं. पण तुझे हात गारठून पांढरे पडले होते आणि मला तोंड उघडवलं नाही.

तू गेलास तेव्हा फिरोज मस्कतहून यायचा होता. तुझ्यासाठी लाद्या तुझ्याच कारखान्यातून आल्या. चादर मी खोचली. तुझ्यासारखी जमली नाही, पाणी आत गेलं. माफ कर.

तुझ्या बाराव्याला वहिनींनी मला स्वयंपाकघराच्या दाराशी थांबवलं. म्हणाल्या, "भावजी, तन्वीला जरा सांगाल? गाण्याचं डोक्यातून काढत नाही. ह्यांनी दोन वर्षांमागं तिचा क्लास बंद केला, तेव्हापासून बापाशी नीट बोललीच नाही ती. आणि आता रडते."

क्लास बंद केलास ते मला माहीत होतं. तूच सांगितलं होतंस, माझ्या दुकानात बसून. "आमच्या घशात टिकत न्हाय, संज्या. चाळिशी यायच्या आत माझा गेला. पोरीने जीव लावायचा आनि मग तोंडावर पडायचं, कशाला?" आणि मी काय म्हणालो, आठवतं? "बरं केलंस. दहावीचा अभ्यास करू दे." मी स्पीकरची वायर गुंडाळत होतो. मान वर करूनही बघितलं नाही.

त्या स्वयंपाकघराच्या दारात मला कळलं की मी फक्त तुझं नाही बिघडवलं. एक पोरगी सतरा वर्षांची आहे, आणि तिला वाटतंय आपल्या रक्तातच गळा नासायचा रोग आहे. तो रोग माझ्या एका शब्दातून आला. आणि त्याच्यापायी ती दोन वर्षं बापावर रुसून राहिली, आणि बाप गेला.

तरी मला तीन आठवडे लागले. तुला खोटं वाटायचं नाही. हार्ड डिस्क माळ्यावर होती. चालणार नाही, गंजली असेल, असं मनात धरून बसलो होतो. खरं तर चालू नये अशीच इच्छा होती. लावली तर पहिल्या फटक्यात चालली.

मग एका दुपारी स्पीकर घेऊन तुझ्या घरी गेलो. ओटीवर वहिनी तांदूळ निवडत होत्या. तन्वीला बोलावलं. उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. इंजिनियर, फ्रीज, 'चालेल', पनवेल, सगळं. ड्रमचं तेवढं सोडून. वहिनींचा हात ताटात थांबला होता. मग मी 'शाकारलेली बोट' लावलं.

आधी नुसतं मशीन. वहिनींनी सवयीने कारखान्याच्या दिशेला बघितलं. आणि मग तू आलास. त्या ओटीवर, भरदुपारी, पोटातून, पूर्ण. तन्वी भिंतीला टेकून खाली बसली. गाणं संपलं आणि तिचाच दहा वर्षांचा आवाज आला, आई बोलावते, भात थंड होतोय. वहिनींनी ताट बाजूला सरकवलं, पदर तोंडाला लावला. मग म्हणाल्या, "हे मला आणून दिलंत. ज्याचं होतं त्याला द्यायचं होतं तुम्ही."

तन्वीने एकच विचारलं. "बाबांना विचारलं होतं तुम्ही? काढू का म्हणून?"

"नाही."

"काका, तुम्ही आता जा."

मी गेलो. स्पीकर तिथेच राहिला, मागायची हिंमत झाली नाही. दहा दिवस कुणाचा फोन नाही. त्या दहा दिवसांत मी दोन हळदी वाजवल्या आणि एकही गाणं मला ऐकू आलं नाही.

परवा तन्वीचा फोन आला. "दुपारी कारखान्यात या. आजोबा जेवायला जातात तेव्हा." गेलो. टाकीच्या फळ्यांवर तुझी गिटार घेऊन बसली होती. तुझ्यासारखी मांडी, तुझ्यासारखा वाकडा अंगठा. मी काही बोलायच्या आत म्हणाली, "मी तुम्हाला माफ केलंय असं समजू नका."

"नाही समजत."

"बाबा म्हणायचे, काकांचे कान चांगले आहेत. तेवढेच पाहिजेत मला."

हऱ्या, तू माझ्याबद्दल तिला तेवढंच सांगून ठेवलं होतंस. सात वर्षांनंतरही.

तिची अडचण अशी होती. तिचे आजोबा म्हणजे तुझे काका, त्यांनी गेल्या वर्षी मशीनची पुली बदलली, सूर खाली आला. तुझं गाणं आता त्याच्यावर बसत नाही. खाली उतरवून गायलं तर बसतं, पण तिचा आवाज तळाला जातो. बाहेर, मागच्या भिंतीकडे जाळी वाळत असतात तिथे मशीन ऐकू येत नाही, आणि तिथे तिचा गळा मोकळा लागतो. कॉलेजच्या स्पर्धेसाठी तिला हेच गाणं घ्यायचंय. तिने सरळ माझ्याकडे बघून विचारलं, "मशीन सोडून दिलं तर चालेल ना, काका?"

तो शब्द माझ्या तोंडात तयारच होता. गिळला. म्हटलं, आधी दोन्ही गा. मी ऐकतो.

ती आत गायली. मग बाहेर गायली, जाळ्यांपाशी, लांब दिसणाऱ्या खताच्या कारखान्याच्या चिमणीकडे तोंड करून. दुसऱ्या कडव्यात श्वास कमी पडला, ते सांगितलं. एक शब्द ती तुझ्या नकलेने ओढते, तेही सांगितलं. तिला राग आला, पण तिने पुन्हा गाऊन बघितलं. मग मी म्हटलं, "आत तू बाबांसारखी गातेस. बाहेर तुझ्यासारखी. मला विचारशील तर आतलं जास्त आवडलं, पण ते माझं झालं. मला बाबा ऐकायचा होता. तुला काय पाहिजे?"

ती थोडा वेळ तार छेडत राहिली. म्हणाली, "बाहेरचं." आणि गिटार उचलून जाळ्यांकडे निघून गेली.

मी आत एकटाच फळीवर बसलो. मशीन घूं करत होतं. भिंतीपलीकडून तुझं गाणं येत होतं, तुझ्याशिवाय. तिला विचारायला अर्धं मिनिट लागलं, हऱ्या. अर्धंसुद्धा नाही.